टॅक्स फ्री वीकेंड: शाळेची खरेदी आणि पगाराची तारीख

पारिजातक | ३ ऑगस्ट २०२५

ऑगस्ट उजाडला की आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर वर्षी तेच प्रश्न येतात. लॅपटॉप टॅक्सच्या सवलतीत बसतो का, बूट बसतात का, ऑनलाइन चालतं का. तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा यंदा एकदाच नीट लिहून ठेवते. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ अर्व्हिंगला राहतो, त्यामुळे तपशील इथले आहेत. बाकीच्या राज्यांतल्या लोकांनी आपापली भर घालावी.

शुक्रवार ८ ऑगस्टपासून रविवार १० ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत टेक्ससमध्ये शाळेच्या खरेदीवर सेल्स टॅक्स नाही. राज्याचा ६.२५ टक्के आणि शहर वगैरेंचा मिळून २, असा आमच्याकडे एकूण ८.२५ टक्के लागतो. तो पूर्ण माफ. १९९९ पासून हे दर ऑगस्टला चालू आहे.

भारतातून नुकतं आलेल्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. इथे वस्तूला लावलेल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो. आपल्याकडे एमआरपी म्हणजे सगळं आत आलं. इथे काउंटरवर तो वर चढतो. आले त्या महिन्यात मी साडेएकोणीस डॉलरचं सामान घेऊन, हातात वीसची नोट धरून रांगेत उभी होते, आणि बिल झालं २१.११. एक वस्तू परत ठेवावी लागली. तेव्हापासून मला या टॅक्सचं गणित पाठ आहे.

सवलत कशावर? कपडे, बूट, दप्तरं, वह्या, पेनं, पेन्सिली, रंग, गोंद, कात्री, कॅल्क्युलेटर, जेवणाचा डबासुद्धा. अट एकच, प्रत्येक वस्तू १०० डॉलरच्या आत हवी. ९९.९९ ला सवलत मिळते, १०० ला नाही. एकूण बिल पाचशे झालं तरी हरकत नाही, मोजणी एकेका वस्तूची होते. पण वस्तू ११० ची असेल तर वरच्या दहावर नाही, अख्ख्या ११० वर टॅक्स लागतो. दुकानाने सूट दिल्यावर किंमत शंभराच्या खाली आली तर ती वस्तू बसते. बुटांचा जोड दोन बिलांत तोडून घेता येत नाही.

लॅपटॉप नाही, सॉफ्टवेअर नाही, पाठ्यपुस्तकं नाहीत. घरी शिवायचं म्हणून कापड, दोरा, बटणं घेतलीत तर त्यावर टॅक्स आहे. साधे खेळाचे बूट चालतात, खाली खिळे असलेले मैदानावरचे चालत नाहीत. शाळेच्या यादीत टिश्यूचे डबे असतात, तेही या सवलतीत नाहीत.

ऑनलाइन चालतं. पैसे या तीन दिवसांत भरले असले की झालं, सामान पुढच्या आठवड्यात आलं तरी चालतं. मात्र घरपोच आणण्याचा खर्च किमतीत धरतात. ९५ ची जीन्स आणि १० डॉलर डिलिव्हरी म्हणजे १०५, मग पूर्ण १०५ वर टॅक्स. गेल्या वर्षी आमच्या शेजारणीचं नेमकं असंच झालं.

ओळखपत्र, व्हिसा, सोशल सिक्युरिटी नंबर, शाळेचं पत्र, काहीही दाखवावं लागत नाही. मूल असण्याचीही अट नाही. मोठ्यांचे कपडेही चालतात.

आता हे सगळं मला एवढं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगते. २०१६ च्या जुलैत आम्ही आलो. मुलगी दुसरीत, मुलगा बालवाडीत. त्या वर्षी टॅक्स फ्री वीकेंड ५ ते ७ ऑगस्टला होता आणि नवऱ्याचा पहिला पगार १५ तारखेला. भारतातून आणलेले पैसे घराच्या डिपॉझिटमध्ये संपलेले, क्रेडिट कार्ड अजून मिळालेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू मावशी दोन्ही मुलांच्या याद्या घेऊन गेल्या, सगळं सामान आणलं आणि म्हणाल्या, पगार झाला की दे. माझे ३१ डॉलर वाचले. तेव्हा आमचा आठवड्याचा किराणा साठ डॉलरमध्ये व्हायचा. त्या ३१ डॉलरचं मोल मला अजून आठवतं.

म्हणून आता आमचा सहा-सात घरांचा गट दर वर्षी नवीन आलेल्या कुटुंबांच्या याद्या गोळा करतो, त्या तीन दिवसांत खरेदी करतो आणि पगार झाल्यावर पैसे घेतो. तुम्ही जिथे असाल तिथे हे करता आलं तर जरूर करा. सवलत सगळ्यांना आहे, पण त्या तीन दिवसांत हातात पैसे असणाऱ्यांनाच ती मिळते.

---

नदीकाठ | ३ ऑगस्ट २०२५

पारिजातकताई, फार गरजेच्या वेळी धागा आला. आम्ही दोन आठवड्यांपूर्वीच प्लॅनोला आलो. मुलीच्या शाळेची यादी हातात आहे, पण तिच्यात "कंपोझिशन बुक, वाइड रूल्ड, ४" असं लिहिलंय, ते म्हणजे नक्की काय? आणि मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर आहे, मला खरंच काही विचारणार नाहीत ना?

---

पारिजातक | ३ ऑगस्ट २०२५

नदीकाठ, अजिबात विचारत नाहीत. कंपोझिशन बुक म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पुठ्ठ्याची, शिवलेली जाड वही. वाइड रूल्ड म्हणजे दोन ओळींत जास्त अंतर, लहान मुलांना तीच सांगतात. कॉलेज रूल्ड घेऊ नका, शाळेतून बदलून आणायला लावतात. प्लॅनो आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. यादीचा फोटो मला निरोपात पाठवा.

---

हिशेबी | ४ ऑगस्ट २०२५

धागा उपयोगी आहे आणि तुमचा गट जे करतो ते चांगलंच आहे. पण या सवलतीबद्दल दुसरी बाजूही मांडली जावी म्हणून लिहितो.

अमेरिकेत टॅक्स फाउंडेशन आणि आयटीईपी या दोन अभ्याससंस्था कराच्या बहुतेक प्रश्नांवर विरुद्ध टोकांना असतात. एक बाजारवादी, दुसरी गरिबांवरचा करभार मोजणारी. टॅक्स फ्री वीकेंड हे चुकीचं धोरण आहे यावर मात्र दोघींचं एकमत आहे. लोक जास्त खरेदी करत नाहीत, जुलैची आणि सप्टेंबरची खरेदी ऑगस्टच्या तीन दिवसांत ढकलतात. गर्दी आपोआप येणार हे माहीत असल्यामुळे दुकानांना स्वतःची सूट कमी ठेवता येते, म्हणजे सरकारने सोडलेल्या पैशातला काही भाग दुकानाच्या गल्ल्यात जातो. आणि वहीला माफी पण टिश्यूला नाही, ९९ च्या बुटाला माफी पण १०१ च्या नाही, या रेषा आमदारांनी मनाने आखलेल्या असतात.

ही प्रथा मुळात गरिबांसाठी सुरू झालेलीच नाही. १९९७ मध्ये न्यू यॉर्कने कपड्यांवर पहिला असा आठवडा जाहीर केला, कारण तिथले लोक कपडे घ्यायला नदीपलीकडे न्यू जर्सीत जात होते. तिथे कपड्यांवर टॅक्स नव्हता. मग १९९८ ला फ्लोरिडा, १९९९ ला टेक्सस, अशी ती पसरली. नॉर्थ कॅरोलायनाने २०१४ मध्ये ती बंद केली. जॉर्जियात २०१६ नंतर झालेली नाही.

टेक्ससमध्ये उत्पन्नावर राज्याचा टॅक्स नाही, म्हणून राज्याचा मोठा भार सेल्स टॅक्सवर आहे. कमी कमावणाऱ्याच्या पगारातला मोठा हिस्सा खरेदीत जातो, म्हणजे त्याच्या पगाराच्या मानाने टॅक्सही जास्त जातो. वर्षाचे ३६२ दिवस तो घ्यायचा आणि तीन दिवस सोडायचा, याला मी दिलासा म्हणणार नाही.

---

एडिसनकर | ४ ऑगस्ट २०२५

हिशेबींशी सहमत, आणि आमचं राज्य त्याचं उदाहरण आहे. न्यू जर्सीत कपड्यांवर आणि बुटांवर वर्षभर सेल्स टॅक्स नाही. तारीख लक्षात ठेवायची गरज नाही, गर्दी नाही. पोराचे बूट फेब्रुवारीत फाटले तर फेब्रुवारीत घ्यायचे.

वह्या-पेनांवर मात्र ६.६२५ टक्के आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये ऑगस्टच्या शेवटापासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) शालेय सामानावर माफी होती, कॉम्प्युटरही त्यात होते. २०२४ च्या बजेटमध्ये ती काढून टाकली. दोन वर्षांत लोकांना सवय लागली आणि तिसऱ्या वर्षी कित्येकजण माफी असेल असं धरून थांबले होते. तात्पुरत्या सवलतीचा हा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो. ती कधी जाईल याची खात्री नसते.

---

टॅम्पाकर | ४ ऑगस्ट २०२५

फ्लोरिडाची बातमी या बाबतीत चांगली आहे. यंदापासून कायदाच झाला. दर वर्षी अख्खा ऑगस्ट महिना. पूर्वी दर वर्षी विधिमंडळ दिवस ठरवायचं, कधी तीन, कधी दहा, कधी चौदा.

कपडे, बूट, दप्तर १०० डॉलरपर्यंत, शालेय सामान ५० पर्यंत, शिकण्याची साधनं आणि जिगसॉ कोडी ३० पर्यंत, आणि कॉम्प्युटर दीड हजारापर्यंत. मुलगा यंदा कॉलेजला गेला. बाराशे डॉलरचा लॅपटॉप घेतला, राज्याचे ६ टक्के म्हणजे ७२ डॉलर वाचले, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, वरचा टॅक्स वाचला तो वेगळा. एक लक्षात ठेवा, थीम पार्क, हॉटेल आणि विमानतळावरच्या दुकानांत ही माफी नाही. ऑर्लँडोला फिरायला येणाऱ्यांनी खरेदी शहरातल्या दुकानांत करावी.

पारिजातकताईंनी पगाराच्या तारखेचं जे लिहिलंय ते अगदी खरं आहे. महिनाभर असलं की प्रत्येकाचा एक तरी पगार त्यात येतो.

---

सह्यकडा | ४ ऑगस्ट २०२५

बॉस्टनहून भर. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्यावर तसाही कधीच टॅक्स नसतो. शिवाय ऑगस्टमध्ये एक वीकेंड जवळजवळ कुठल्याही वस्तूवर माफी, अडीच हजार डॉलरपर्यंत. यंदा ९ आणि १० ऑगस्ट. शाळेपेक्षा लोक फ्रिज आणि टीव्ही त्या दिवसांत घेतात.

---

कोलंबसवासी | ५ ऑगस्ट २०२५

ओहायोत आत्ता चालूच आहे, १ ते १४ ऑगस्ट. पूर्वी तीनच दिवस होते आणि मर्यादा अगदी तुटपुंजी, कपडा ७५ डॉलर, शाळेचं सामान २० डॉलर. गेल्या वर्षीपासून मर्यादा प्रत्येक वस्तूला ५०० केली आणि जवळजवळ सगळ्याच वस्तू आत घेतल्या, हॉटेलात बसून जेवलं तर तेही. गाड्या, बोटी, दारू, तंबाखू तेवढे वगळले. तिजोरीत शिल्लक असेल त्या वर्षीच एवढं मोठं करतात, म्हणून पुढच्या वर्षीचं आत्ताच धरून चालू नका.

आम्ही पहिल्या दिवशी मुलांचं टेबल-खुर्ची घेतलं. धाकट्याला आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यासाला बसावं लागणार नाही.

---

गोदातीर | ५ ऑगस्ट २०२५

एडिसनकर, खात्री नसण्यावरून आमचं सांगते. आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला. इथे ऑगस्टचा पहिला वीकेंड ठरलेला असायचा. २०२३ मध्ये कायद्याची मुदत संपली, ती वाढवायची तर बजेट मंजूर व्हायला हवं, आणि बजेट दोन्ही सभागृहांच्या वादात अडकलं. ऑगस्ट आला आणि गेला. शाळा सुरू झाल्या. शेवटी ती करमाफी झाली २० ते २२ ऑक्टोबरला. पहिल्या तिमाहीचे मार्क यायच्या सुमारास वह्यांवर माफी.

माझी बहीण त्या वर्षी एकटीच्या पगारावर तीन मुलांचं बघत होती. ती ऑगस्टमध्ये तारखेची वाट बघत थांबली, मग शाळेच्या आदल्या दिवशी उरलंसुरलं घेतलं, पूर्ण टॅक्स भरून आणि धाकट्याला एक नंबर मोठे बूट घेऊन. आता पुढची काही वर्षं तारीख नक्की केली आहे हे ठीक. पण त्या वर्षी मला कळलं की सवलत जाहीर करणाऱ्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं असोत नसोत, वेळापत्रक मात्र शाळेचंच पाळायला हवं.

---

पारिजातक | ५ ऑगस्ट २०२५

हिशेबी, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. धोरण म्हणून तुमचं बरोबर असेल. मला विचाराल तर मीही न्यू जर्सीची पद्धत निवडेन. पण टेक्ससमध्ये ती येईपर्यंत शुक्रवारी जे मिळतंय ते ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत पोचवणं माझ्या हातात आहे, आणि माझा सगळा जोर तिथे आहे. दोन मुलांची यादी, कपडे, बूट, दप्तरं मिळून साधारण ४०० डॉलर होतात. त्यावर ३३ डॉलर टॅक्स. हे पैसे कोणाला थोडे वाटतील, पण ते ज्याच्या घरातून जातात त्याला ते थोडे नसतात.

गोदातीर, तुमच्या बहिणीचं वाचून पोटात कालवलं.

---

हिशेबी | ५ ऑगस्ट २०२५

मान्य. माझा विरोध तुमच्या गटाला नाही, तीन दिवसांच्या मुदतीला आहे. आणि पगाराच्या तारखेचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, तो तुमच्यामुळे कळला. पंधरवड्याने पगार मिळणाऱ्या कामगाराला ८ तारखेला खरेदी करणं आणि १५ तारखेला करणं यात फार फरक आहे. असं आठवड्यावर ताणून जगणाऱ्यालाच सवलत हुकते.

---

खडू_फळा | ६ ऑगस्ट २०२५

मी ह्यूस्टनजवळ सरकारी शाळेत चौथीला शिकवते. आईवडिलांसाठी शिक्षिकेच्या बाजूने थोडं.

यादीतलं बरंचसं सामान वर्गाचं म्हणून एकत्र ठेवलं जातं. चोवीस ग्लू स्टिक तुमच्या एकट्या मुलासाठी नसतात. त्यामुळे भारी ब्रँड शोधत बसू नका, आणि गोंद, पेन्सिलींवर नाव घालू नका. दप्तर, डबा, जॅकेटवर मात्र नक्की घाला. मोठ्या वर्गांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लिहिलेला असतो. कॅल्क्युलेटर सवलतीत आहेत, पण चांगला ग्राफिंग कॅल्क्युलेटर बहुधा शंभराच्या वर जातो आणि मग पूर्ण टॅक्स लागतो. शिक्षकांना विचारल्याशिवाय घेऊ नका, बऱ्याच शाळा वर्गात वापरायला देतात.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. दर वर्षी पहिल्या दिवशी माझ्या वर्गात दोन-तीन मुलं रिकाम्या हाताने येतात. ती मुलं बोलत नाहीत. बाकीचे दप्तर उघडून नवीन रंग दाखवत असतात तेव्हा ही मुलं पाणी प्यायला बाहेर जातात. मी कपाटात चार भरलेली दप्तरं ठेवते आणि मधल्या सुट्टीत, कोणी बघत नसताना देते. हे सामान मी याच तीन दिवसांत घेते. शिक्षकांना केंद्राच्या टॅक्समध्ये वर्गासाठी केलेल्या खर्चाची ३०० डॉलरपर्यंत वजावट मिळते, पण हातचे पैसे आधी जातातच.

तुमच्यापैकी कोणाला द्यायचं असेल तर आपल्या शाळेच्या समुपदेशकांना फोन करा. कुठल्या इयत्तेला काय हवंय ते त्यांना माहीत असतं. टेक्ससमध्ये एका वेळी दहा दप्तरांपर्यंत कुठलाही कागद न दाखवता टॅक्स माफ होतो.

---

मोगरा_८१ | ६ ऑगस्ट २०२५

खडू_फळा, तुमची पोस्ट वाचून आत्ताच मुलाच्या शाळेला फोन केला. तिसरीसाठी सहा दप्तरं हवीत म्हणाले. घेऊन जाते.

---

गल्ल्यावरून | ७ ऑगस्ट २०२५

मी डॅलसमध्ये एका कपड्यांच्या दुकानात अर्धवेळ काम करतो. उद्या सकाळपासून आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसेल. काही गोष्टी आधी माहीत असल्या तर तुमचा आणि काउंटरवरच्या माणसाचा, दोघांचा वेळ वाचेल.

कुठली वस्तू माफ आणि कुठली नाही हे मशीनमध्ये आधीच भरलेलं असतं. तरी बिल तिथेच उभं राहून वाचा. चुकून टॅक्स लागला असेल तर लगेच दाखवा. नंतर लक्षात आलं तर पावती घेऊन त्याच दुकानात जायचं. दुकानदार पैसे परत देऊ शकतो, किंवा तुम्हाला थेट राज्याच्या कंट्रोलर कार्यालयाकडे (टॅक्स गोळा करणारं खातं) मागता यावेत म्हणून फॉर्म भरून देऊ शकतो. पावती फेकू नका.

"एकावर एक फुकट" मध्ये लोक फसतात. १२० चा एक जोड घेतला, दुसरा फुकट, म्हणजे सरासरी ६० पडली असं धरता येत नाही. पहिला जोड १२० चाच मोजतात. दुकानाचं कूपन किमतीतून वजा होतं, पण कंपनी नंतर घरी पैसे पाठवते ती रिबेट वजा होत नाही.

बदलून घेण्याचं: या वीकेंडला घेतलेला शर्ट पुढच्या आठवड्यात फक्त मापासाठी किंवा रंगासाठी बदलला तर टॅक्स लागत नाही. तो परत देऊन दुसरीच वस्तू घेतली तर त्या वस्तूवर लागतो. म्हणून मुलांना बूट दुकानातच घालून चालायला लावा.

आणि शक्यतो शुक्रवारी सकाळी या. रविवारी दुपारपर्यंत लहान मुलांची मापं संपलेली असतात. सगळ्यात उशिरा येणारे बहुतेक शनिवारीही काम करणारेच असतात, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत जाताना बघणं मला जड जातं.

---

नदीकाठ | ७ ऑगस्ट २०२५

पावतीचं आणि बूट घालून बघायचं लिहून ठेवलं. वाचनखूण साठवली.

---

पारिजातक | ११ ऑगस्ट २०२५

झालं. यंदा नऊ कुटुंबं, चौदा मुलं. शुक्रवारी सकाळी तिघी गेलो, शनिवारी दोघी. गल्ल्यावरून यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक पावती तिथेच वाचली. एका दुकानात दोन डब्यांवर टॅक्स लागला होता, सांगितल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केलं. एका आईने मुलीसाठी १०४ डॉलरचे बूट ठरवले होते, दुकानाच्या दहा टक्के कूपनने ते ९३.६० ला आले आणि टॅक्सही गेला. हे कूपन आम्हाला मागच्या रांगेतल्या एका आजींनी स्वतःहून दिलं.

एकूण खरेदी २,२६० डॉलर, त्यात २,१२० वर माफी. ८.२५ टक्क्यांनी पावणेदोनशे डॉलर त्या नऊ घरांत राहिले. कोणाचा हिशेब किती ते वहीत आहे, पैसे १५ नंतर.

---

नदीकाठ | १२ ऑगस्ट २०२५

आज मुलीचा पहिला दिवस होता. वह्या बरोबर आल्या, वाइड रूल्ड. ताई, पैसे शुक्रवारी पाठवते.

---

मेपल_मराठी | १४ ऑगस्ट २०२५

टोरंटोहून. कॅनडाने गेल्या हिवाळ्यात १४ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी असे दोन महिने मुलांचे कपडे, बूट, खेळणी, पुस्तकं, हॉटेलातलं जेवण यांवरचा जीएसटी-एचएसटी, म्हणजे तिथला विक्रीकर, माफ केला होता. शाळेच्या खरेदीशी त्याचा काही मेळ नव्हता, शाळा तर सप्टेंबरला सुरू होते. मुलांच्या कपड्यांवर ऑन्टारियोत प्रांताचा ८ टक्के वाटा तसाही कधी लागत नाही, त्यामुळे तिथे फरक ५ टक्क्यांचाच पडला. भारतात असं काही का करत नाहीत? जूनमध्ये आठवडाभर तरी वह्या-दप्तरांवर जीएसटी माफ करायला काय हरकत आहे?

---

अप्पाबळवंत | २५ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतो, कारण मेपल_मराठींच्या प्रश्नाला आता उत्तर देता येतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आमच्या काकांचं शालेय साहित्याचं दुकान आहे, मी तिथे हिशेब बघतो.

३ सप्टेंबरच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत ठरलं आणि २२ तारखेपासून, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झालं. वह्या, पेन्सिली, शार्पनर, खडू, रंगाचे खडू, नकाशे, पृथ्वीगोल यांवर १२ टक्के होता तो शून्य. खोडरबरावर ५ होता, तोही शून्य. आठवड्यासाठी नाही, कायमचा.

आठवड्यासाठी का नाही, ते आमच्या धंद्यातून सांगतो. अमेरिकेतला सेल्स टॅक्स फक्त शेवटच्या गिऱ्हाइकाकडून घेतात. दुकानदाराने विकण्यासाठी माल घेतला तेव्हा त्यावर टॅक्स भरलेलाच नसतो. म्हणून शुक्रवारी बंद करा, सोमवारी चालू करा, मधल्या कोणाचं नुकसान नाही. आपल्याकडे कागद बनवणाऱ्यापासून प्रत्येक टप्प्यावर जीएसटी लागतो आणि पुढचा माणूस मागच्याने भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. वस्तू करमुक्त झाली की ही साखळी तुटते. आमच्याकडे १२ टक्के भरून घेतलेल्या वह्या गोदामात पडून होत्या. २२ तारखेला त्या करमुक्त झाल्या, आणि त्यांवर आम्ही घेतलेलं क्रेडिट नियमाने परत करावं लागतंय. कॅनडाने मालाला शून्य दर लावला पण दुकानदाराचं क्रेडिट चालू ठेवलं, म्हणून त्यांना दोन महिने जमलं. आपल्याकडे दर जूनला असं केलं तर छोटा दुकानदार दर जूनला मरेल.

---

मेपल_मराठी | २५ सप्टेंबर २०२५

हे मला माहीत नव्हतं. मग गिऱ्हाइकाला वही पूर्ण १२ टक्क्यांनी स्वस्त मिळते का?

---

अप्पाबळवंत | २६ सप्टेंबर २०२५

५६ रुपयांच्या वहीत ६ रुपये जीएसटी होता, म्हणजे कागदावर ५० व्हायला हवी. वहीच्या कागदावरचा करही शून्य केला आहे, ते चांगलं झालं. पण शाई, पिना, वरचा पुठ्ठा, डिंक यांवर कारखानदार अजून कर भरतो आणि आता त्याला तो वळता करता येत नाही. तो त्याच्या खर्चात चढतो. त्यामुळे नवीन माल किती उतरेल ते दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राच्या खरेदीला दिसेल. आमच्या दुकानात जुन्या छापील किमतीच्या वह्या आहेत, काकांनी सोमवारपासून सहा रुपये कमी करून द्यायला सुरुवात केली आहे. लोक विचारतात तेव्हा ते कागद-पेन घेऊन हिशेब मांडून दाखवतात.

---

पारिजातक | २६ सप्टेंबर २०२५

तुमच्या काकांना नमस्कार सांगा. माझी भाची नाशिकला सहावीत आहे, तिची कंपासपेटी आणि दप्तर दोन्ही घ्यायचं राहिलंय. त्यांवर काय झालं?

---

अप्पाबळवंत | २७ सप्टेंबर २०२५

कंपासपेटी आणि रंगपेटी १२ वरून ५ वर आली. अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर आता ५, हजाराच्या आतल्या बुटांवर आधी १२ होता. दप्तर १८ टक्क्यांतच आहे, त्यात बदल नाही.